दुखणे विचारावे लागते

अभ्यासाचे शास्त्रभाग : मार्क १०:४६-५२, लूक १०:३०-३५




मालेगाव तालुक्यातील एका आंध वस्तीवरच्या आजींचे पोटाचे ऑपरेशन झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा राउंड चालू होता. सिस्टरने उभ्या उभ्या विचारले, "बरं आहे ना, आजी?" आजी म्हणाल्या, "हो माय, बरं हाय." कागदावर 'तक्रार नाही' असे लिहून सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली.

आजींनी मात्र चादरीचा काठ मुठीत आवळून धरला होता. खोकल्याची उबळ आली की त्या ती दाबत होत्या. रात्रभर त्या कुशीवरही वळल्या नव्हत्या. "मग सांगितलं का नाही?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "त्यायले लय कामं हायत. आपण कायले तरास द्याचा?"

दुपारपाळीला दुसरी सिस्टर आली. ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आजी, रुपयातलं किती आणे दुखते?" आजी लगेच म्हणाल्या, "बारा आणे." तिने डॉक्टरांना कळवले आणि त्यांच्या सांगण्यावरून इंजेक्शन दिले. अर्ध्या तासाने ती पुन्हा आली. "आता?" "चार आणे उरलं." संध्याकाळी आजी उठून बसल्या, टाक्यांवर उशी धरून खोकल्या आणि कफ बाहेर पडला.

ही साधी गोष्ट वाटते, पण दुखते म्हणून खोकला दाबला तर कफ छातीत साठतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. दुखते म्हणून हालचाल थांबली तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. वेदना कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे.

प्रभूने आधी विचारले

बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभू येशूने त्याला जवळ बोलावले आणि 'तुझ्यासाठी मी काय करावे' अशा अर्थाचा प्रश्न केला. त्याआधी लोकांनी त्याला गप्प राहण्यास दटावले होते, हेही लक्षात घ्या. आपल्या वस्त्यांवरील माणसांना कोणी दटावण्याची गरज उरलेली नाही. सरकारी कचेरीत, दवाखान्यात, बाजारात गप्प राहणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. म्हणून वाट पाहून चालत नाही, विचारावे लागते.

कसे विचारावे?

नर्स पाच गोष्टी विचारते : कुठे दुखते, केव्हापासून, कसे, किती, आणि कशाने वाढते किंवा कमी होते. 'किती' यासाठी शून्य ते दहा अंक वापरतात. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे असह्य. लहान मुलांना हसऱ्या ते रडक्या चेहऱ्यांची चित्रे दाखवतात. अंकांची सवय नसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना आण्यांचा हिशेब बरोबर कळतो.

'कसे' याचे उत्तर आपल्या बोलीत फार नेमके मिळते. पिकलेल्या गळवात ठणका असतो. मुतखड्याची कळ येते आणि ओसरते. पोटात मुरडा येतो, पाठीत चमक भरते. पायाची आग होते, मुंग्या येतात, असे कोणी म्हणाले तर ते नसांचे दुखणे असू शकते. त्याला नेहमीच्या गोळीने फारसा उतार पडत नाही, औषध वेगळे लागते. म्हणून रोग्याचा शब्द जसाच्या तसा लिहिणारी नर्स डॉक्टरांना मोठी मदत करते.

जे बोलू शकत नाहीत, म्हणजे तान्ही बाळे, बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट रुग्ण, त्यांचे आक्रसलेले कपाळ, आखडलेले पाय आणि रडणे वाचावे लागते. सांगता येत नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही.

शोमरोनी परत येणार होता

त्या शोमरोन्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेले, आणि परत येईन असेही सांगितले. नर्सच्या कामात हे परत येणे फार मोलाचे आहे. गोळी दिल्यावर साधारण तासाभराने आणि इंजेक्शननंतर त्याहून लवकर पुन्हा विचारायचे आणि लिहायचे. उतार नसेल तर डॉक्टरांना सांगायचे. औषध ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. पण ते वेळेवर देणे, ड्रेसिंगच्या आधी देणे, कूस बदलणे, उशीचा आधार देणे, हात धरून बसणे हे नर्सचे काम आहे. दुखणे एकाएकी वाढले किंवा पोट ताठ झाले, तर तो धोक्याचा इशारा असतो. तो सर्वांत आधी तिलाच दिसतो.

डॉ. सिसिली सॉन्डर्स यांचे उदाहरण पाहा. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. लंडनच्या सेंट ल्यूक्स येथे नर्स कॅन्सरच्या रुग्णांना वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे औषध देत. हे त्या तेथे शिकल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराबरोबर मन, घरची काळजी आणि आत्मा हेही दुखतात, असे त्यांनी शिकवले. आपल्याकडे मुंबईत १९८६ मध्ये शांती अवेदना सदन उभे राहिले.

आपल्या वाशीमलाही या सेवेचा वारसा आहे. डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ साली येथे नाझरेन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. जीन डार्लिंग यांनी तेथे नर्सेस घडवल्या.

आपण काय करू शकतो?

वस्तीवरील कोणी दवाखान्यात असेल तर भेटीला जा. "बरं आहे ना?" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर "हो" हेच येते. "कुठं दुखते, किती आणे दुखते?" असे विचारा. उत्तर सिस्टरला सांगा. आपल्या घरची उरलेली गोळी मात्र देऊ नका.

चर्चेसाठी

१. बार्तीमयाला गप्प करणारे लोक वाईट होते की फक्त घाईत होते?
२. आपल्या मंडळीत कोण "बरं हाय" म्हणून दुखणे लपवत आहे?

प्रार्थना

रात्रपाळीच्या नर्सेससाठी, त्यांच्यावरील कामाच्या ओझ्यासाठी, आणि नर्सिंग शिकू इच्छिणाऱ्या वस्तीवरील मुलींसाठी प्रार्थना करा. आजींची भाषा जाणणारी सिस्टर उद्या त्यांच्यातूनच यावी.