कात्री लागली की थांबायचं

पोरी, तुझी पहिली गाडी दारात आली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवून झाली. आता मी सांगतो ते नीट ऐक.

मी चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत पाना हातात घेऊन काढली. ज्यांनी मला काम शिकवलं ते आमचे उस्ताद फार बोलत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, "उघडलेलं परत बसतं, कापलेलं परत येत नाही." गाडीला घरी काय करावं आणि काय करू नये, याचा सगळा निवाडा मी आजवर याच एका वाक्यावर करत आलोय. नट, स्क्रू, क्लिप किंवा कपलर सोडून जे काम होतं ते तू शीक. ज्या कामाला कात्री, ब्लेड, ड्रिल नाहीतर वेल्डिंग लागतं तिथे हात मागे घे.

दर रविवारची दहा मिनिटं

सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी बोनेट उघड. इंजिन गार असावं, गाडी सपाट जागेवर असावी. ऑइलची पट्टी ओढ, स्वच्छ फडक्याने पूस, परत पूर्ण आत घाल आणि मग ओढून बघ. ऑइलची रेघ खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या वर भरलेलं ऑइलही इंजिनला त्रासच देतं. कूलंट पांढऱ्या टाकीवरच्या खुणांतून बाहेरूनच दिसतं. इंजिन तापलेलं असताना त्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. टाकीत नळाचं पाणी ओतू नकोस, क्षार साचून रेडिएटर बसतो.

टायरची हवा थंड टायरमध्येच बघायची. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा मुलगा काय म्हणतो ते सोड. टायरच्या कडेला चार आकडी अंक असतो. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवा टायर घेताना तो अंक वाचूनच पैसे दे. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच. माझं ऐकशील तर आपल्या पावसासाठी त्याआधीच बदल.

एसीचा फिल्टर बदलणं हे शिकायला सगळ्यात सोपं काम. बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूचा सामानाचा कप्पा रिकामा करून त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो. मागे एक झाकण दिसतं. ते काढलं की पाचोळा आणि धूळ धरलेली काळपट जाळी बाहेर येते. नवी बसवताना तिच्यावरचा बाण जुन्या जाळीचा होता त्याच दिशेला ठेव. एकदा स्वतः केलंस की एसीची हवा का कमी झाली ते पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

स्टेपनी बदलायलाही शीक, पण क्रम पाळ. हँडब्रेक ओढ, तिरक्या समोरच्या चाकाला दगड लाव, नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल कर आणि मगच जॅक लाव. बसवताना नट शेजारचे नाही, समोरासमोरचे आवळत जा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालायचं नाही, मग काम एका मिनिटाचं का असेना. डेपोत हा नियम मोडणाऱ्याला उस्ताद त्या दिवशी कामाला हात लावू देत नसत.

बॅटरीच्या तारा काढताना आधी वजा, लावताना शेवटी वजा. फ्यूज गेला तर तितक्याच अँपिअरचा टाक: लाल 10 चा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. तोच फ्यूज पुन्हा गेला तर आजार तारेत आहे, तिथे मोठा फ्यूज घालून तो झाकू नकोस.

हौसेची कामं

हौस असू दे, मलाही होती. माझी पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा हेडलाइट मंद वाटत होते. मूळ बल्ब 60/55 वॉटचे होते, मी 100/90 चे आणून बसवले. रिले लावला नाही, कारण उजेड झाला की झालं असं वाटलं. महिन्याभराने रात्री कुंभार्ली घाट उतरताना स्टिअरिंगपाशी प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. पुढच्या वळणाआधी दोन्ही दिवे गेले. मागे तुझी काकू आणि पोरं होती. गाडी कडेला लागली ती केवळ नशिबाने. जास्त वॉटचा सगळा विजेचा भार त्या बारीक बटणातून जात होता आणि ते वितळलं होतं. तेव्हापासून मी गाडीच्या मूळ वायरिंगला न झेपणारी कुठलीही वस्तू बसवलेली नाही आणि तार सोलूनही काही जोडलेलं नाही.

तुला हॉर्न, कॅमेरा किंवा स्पीकर लावायचे असतील तर तुझ्या मॉडेलचा कपलरवाला तयार वायरिंग सेट माग. मूळ कपलरमध्ये तो बसतो आणि एक तारही कापावी लागत नाही. दुकानदार "ताई, दोन तारा सोलतो, पाच मिनिटांत होईल" म्हणाला तर गाडी परत आण. त्या दोन तारांवरून उद्या वॉरंटीतलं इलेक्ट्रिकचं काम नाकारलं जातं.

सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी आहे का ते बघ. असेल तर तिथली शिवण मोकळी सोडणारंच कव्हर घे. जाड कव्हराने बांधलेली एअरबॅग वेळेवर उघडत नाही. पुढे लोखंडी गार्ड लावू नकोस. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. त्या गार्डामुळे धक्का भलतीकडे जातो आणि समोर आलेल्या पादचाऱ्याची हाडं मोडतात.

कायद्याचंही लक्षात ठेव. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. रंग बदललास किंवा सीएनजी किट बसवलंस तर आरटीओत नोंद हवी आणि विमा कंपनीलाही कळवायला हवं. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. बाहेरून किट बसवलं की इंजिनाच्या वॉरंटीवर बहुधा पाणी सोडावं लागतं, म्हणून सीएनजी हवाच असेल तर पुढची गाडी कंपनीतून बसवलेल्या सीएनजीची घे.

वाढीव वॉरंटी घ्यावी का?

शोरूममध्ये तुला हे घाईत विचारतील. घाई करू नकोस. आधी मूळ वॉरंटी किती आहे ते बघ. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीने जुलै 2024 मध्ये ती 2 वर्षं किंवा 40,000 किलोमीटरवरून 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर केली. यातला "किंवा" महत्त्वाचा, जे आधी संपेल त्यावर वॉरंटी संपते. तुझं रनिंग वर्षाला 8,000 धरलं तर 1 लाख किलोमीटर व्हायला साडेबारा वर्षं लागतील. म्हणजे तुझ्यासाठी फक्त वर्षं मोजायची, वाढीव किलोमीटरला पैसे मोजायचे नाहीत.

मग काय भरून मिळतं ते वाच. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर अशा झिजणाऱ्या वस्तू त्यात धरत नाहीत. उंदराने कुरतडलेली तार किंवा पाण्यात बुडालेलं इंजिनही नाही. पावसात पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नकोस. पाणी इंजिनात गेलेलं असेल तर आतला दांडा वाकतो. तो खर्च विम्यातलं इंजिनाचं जादा कव्हर देतं, तेही तू असा हट्ट केला नसशील तर. बॅटरीची वॉरंटी बॅटरीवाल्याची वेगळी असते, तिचं कार्ड जपून ठेव.

वाढीव वॉरंटीचा खरा उपयोग महागड्या भागांसाठी. एसीचा कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, इंजिनाचा कॉम्प्युटर यातलं एक जरी गेलं तरी बिल पाच आकडी होतं. म्हणून माझा निवाडा असा: गाडी ऑटोमॅटिक किंवा टर्बो असेल, किंवा सहा-सात वर्षं ठेवायची असेल तर घे. साधी पेट्रोल, हाताने गिअर टाकायची, आणि तीन-चार वर्षांत विकायची असेल तर तेवढी रक्कम आरडीत टाक. घ्यायचीच तर गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच घे, करासहित किंमत लेखी माग, आणि मूळ वॉरंटी संपायच्या आधी घे. गाडी विकताना ती नव्या मालकाच्या नावावर होते का तेही विचार.

एकही सर्व्हिसिंग चुकवू नकोस, महिने किंवा किलोमीटर जे आधी भरेल तेव्हा जा. जॉब कार्ड वाचून सही कर. दहा हजार किलोमीटरवर कोणी इंजिन फ्लशिंग किंवा थ्रॉटल साफ करायचं म्हटलं तर "पुस्तिकेत हे कुठल्या पानावर आहे?" एवढंच विचार. बदललेला जुना भाग परत माग.

शेवटचं

गाडीच्या कप्प्यात एक शंभर पानी वही ठेव. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय खर्च आला, बिल कुठे आहे, एवढं लिहीत जा. वॉरंटीचा वाद झाला तर तुझ्या बाजूने वही आणि बिलंच बोलतात. गाडी विकताना गिऱ्हाईकही ती वही बघूनच दोन पैसे जास्त देतं.

येत्या रविवारी गाडी घेऊन इकडे ये. येताना मालकाची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ये आणि जे कळलं नाही त्या पानांना खूण कर. पहिली ऑइलची पट्टी माझ्यासमोर काढ, पुढच्या सगळ्या तुझ्या तू बघशील.