दसऱ्याला टाकलेली कोथिंबीर का उगवत नाही?

प्रश्न : शिरपूरला घरालगतच्या मोकळ्या जागेत आम्ही भाजीपाला लावतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाफे करून मेथी आणि कोथिंबीर टाकली. मेथी चार दिवसांत वर आली आणि आठवड्यात आडवी पडली. कोथिंबीर दिसलीच नाही. दिवाळीनंतर त्याच पाकिटातलं बी टाकलं, तर वाफा भरून आला. शेजारच्या आजी म्हणतात, ‘दसऱ्याला हिरवं पेरू नये, दिवाळी होऊ द्यावी.’ यात काही तथ्य आहे का? आणि पावसाळ्यातली जुनी वांगी आता उपटून टाकावीत का?

उत्तर : बी तेच, जागा तीच, फळ मात्र वेगळं, तेव्हा बियाण्यावरचा आळ आधी काढून टाकू. आजींचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त त्यांनी ते सणाला बांधलं आहे. दसरा-दिवाळी चंद्राच्या तिथीवर येतात आणि अधिक महिन्यामुळे मागेपुढे सरकतात. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता. २०२५ मध्ये भाऊबीजसुद्धा २३ ऑक्टोबरलाच झाली. म्हणजे एका वर्षाची दिवाळी दुसऱ्या वर्षाच्या दसऱ्याच्याही आधी आटोपते. ऊन मात्र सूर्याच्या हिशेबाने चालतं. जुने शेतकरी म्हणूनच पेरणीची भाषा नक्षत्रात करतात, कारण पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात आणि दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतात : १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा, २४ च्या सुमारास स्वाती. कोवळ्या पालेभाजीला चित्राचं ऊन जड जातं, स्वाती लागल्यावर रात्री निवू लागतात.

आता ते ऊन नेमकं काय करतं, ते पाहू. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडून मोसमी पाऊस माघार घेतो. ढग हटतात, थेट ऊन पडतं आणि दिवसाचा पारा पुन्हा पस्तिशीला टेकतो. काळी माती उष्णता अधिक शोषते, त्यामुळे बी जिथे पडलेलं असतं तो वरचा बोटभर थर हवेपेक्षाही जास्त तापतो. मेथीला उगवायला तीन-चार दिवस पुरतात. धन्याला आठ-दहा, कधी त्याहून अधिक लागतात. तेवढ्या काळात तो थर अनेकदा वाळतो आणि फुगलेलं बी आतल्या आत मरतं. शिवाय कोथिंबिरीला उगवताना गारवा हवा असतो.

मेथीचं मरण उलट्या कारणाने आलं. वाफा सुकतोय म्हणून आपण पाणी वाढवतो. दाट पेरणी, तापलेली जमीन आणि सततचा ओलावा एकत्र आला की जमिनीतली बुरशी रोपाचं देठ मातीलगत कुजवते आणि रोप आडवं होतं. यालाच मर म्हणतात. म्हणजे एकाच वाफ्यात एक भाजी पाण्यावाचून गेली आणि दुसरी पाण्याने. मेथी विरळ टाका, सकाळीच पाणी द्या आणि वरची माती थोडी सुकल्याशिवाय पुढचं पाणी देऊ नका. धने मात्र चपलेखाली हलके रगडून दोन फोडी करून घ्या, रात्रभर भिजवा आणि पेरल्यावर उगवेपर्यंत वाफ्यावर वाळलेल्या गवताचा पातळ थर ठेवा.

तरीही सगळ्यांत मोठी घाई होते ती जमीन खणण्यात. पाऊस थांबला की हात शिवशिवतात, पण ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर तिच्यातली हवेची पोकळी दाबली जाते आणि उन्हात विटेसारखी ढेकळं होतात. वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून कमरेच्या उंचीवरून टाका. ती फुटून भुगा झाली तर खणा, गोळा तसाच राहिला तर थांबा. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत वाफसा लवकर येतो, काळ्या कपाशीच्या जमिनीत उशिरा. गावातल्या नव्या वसाहतींत घराभोवती बरेचदा मुरमाचा भराव असतो. तिथे वाफशापेक्षा शेणखताची चिंता करा.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा वाया जातो असं मुळीच नाही. दोडक्या-गिलक्याचे संपलेले वेल उतरवा, पाला खड्ड्यात कुजवा. तो जाळणं म्हणजे पुढच्या वर्षीचं खत जाळणं. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेली भेंडी मात्र मुळासकट काढा, पांढरी माशी तो रोग पुढच्या भेंडीवर नेते. उन्हाळी कांद्याचं रोप गादीवाफ्यावर टाकायची वेळ हीच, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला लावणीला येतं. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून महिन्याच्या शेवटाला लावा. वाटाण्याची घाई नको : त्याची फुलं उन्हात गळतात, म्हणून ती थंडीत यावीत अशा बेताने नोव्हेंबरात टोबा.

आणि वांगी? ती अजिबात उपटू नका. जून-जुलैत लावलेल्या झाडांचा खरा बहर आता पुढे आहे. थंडीतल्या वांग्याच्या भरिताची चव वेगळी, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. जळगावच्या भरीत वांग्याला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही एवढंच करा : माना टाकलेले शेंडे दिसले की त्यात अळी असते, ते खुडून नष्ट करा, बुंध्याशी शेणखत द्या आणि आळी नीट करून घ्या. भरिताची वांगी भाजायला लागणाऱ्या कपाशीच्या काड्या वाळेपर्यंत वांगी तयार होतील.

राहिला बियाण्याचा प्रश्न. पाकीट एका दिवशी रिकामं करू नका. स्वाती लागल्यावर थोडं टाका आणि मग दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं. एक वाफा फसला तरी पुढचा हाती येतो, आणि संक्रांतीपर्यंत घरची ताजी कोथिंबीर मिळते.