गाडीचा विमा आणि आपलं गाव : एमएच-45 आणि एमएच-12 मध्ये फरक किती?



नववीच्या गणित भाग 1 मध्ये 'अर्थनियोजन' हा धडा आहे. त्यात मुलं बचत, गुंतवणूक, आयकर शिकतात. पण दारात उभ्या असलेल्या गाडीच्या विम्याचा आकडा कसा ठरतो, हे बऱ्याच घरांत मोठ्यांनाही सांगता येत नाही. एजंट आकडा सांगतो, आपण भरतो. आणि भरताना एक वाक्य हमखास निघतं : "आमची गाडी अकलूजची. इथं काय पुण्या-मुंबईसारख्या गाड्या चोरीला जातात का? मग आम्ही एवढा प्रीमियम का भरायचा?"

प्रश्न रास्त आहे. आजच्या पाठात त्याचं उत्तर आकडेमोड करून शोधू. शेकडेवारी येत असली की पुरे.

1. विमा म्हणजे वर्गणी

मुलांना आधी हे काल्पनिक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवा.

'क' गावात 1000 गाड्या आहेत, प्रत्येकीची किंमत 5 लाख रुपये. वर्षाला 2 गाड्या चोरीला जातात. नुकसान 10 लाख. सगळ्यांनी मिळून ते भरायचं ठरवलं तर प्रत्येकी 1000 रुपये वर्गणी येते.

'ख' शहरातही अशाच 1000 गाड्या आहेत, पण चोऱ्या 6 होतात. नुकसान 30 लाख, वर्गणी प्रत्येकी 3000 रुपये.

आता दोन्ही ठिकाणची वर्गणी एकाच पेटीत टाकली तर? गाड्या 2000, नुकसान 40 लाख, वर्गणी प्रत्येकी 2000 रुपये.

इथं थांबून वर्गाला विचारा, यातलं न्याय्य काय? 'क' गावाची मुलं म्हणतील, "आमच्याकडं चोऱ्या कमी, आम्ही 1000 जास्त का द्यायचे?" 'ख' शहराची मुलं म्हणतील, "चोर आमच्या वस्तीत येतात यात आमचा काय दोष? आम्ही तर रोज कुलूप लावतो." दोन्ही बाजू खऱ्या आहेत. जगभरात गाडीच्या विम्याचा वाद याच दोन वाक्यांवर चालतो.

2. जागेवरून धोका कसा बदलतो?

चोरी हे एक कारण झालं. त्याशिवाय गर्दी, अपघात, पूर आणि दुरुस्तीचा खर्च हेही जागेनुसार बदलतात. मोठ्या शहरात गाड्या रस्त्यावर लागतात, घासतात, गॅरेजची मजुरी जास्त असते. पण गावाकडं धोका नसतो असं नाही. आपल्या माळशिरस तालुक्यात गाळप हंगामात रात्री मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर आली की काय होतं, ते इथल्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. वारीत तुकोबांची पालखी अकलूजला येते तेव्हा रस्त्यांवर केवढी गर्दी असते, तेही आपण बघतो. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तिथं तर दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. म्हणजे धोका सगळीकडं आहे, त्याचा प्रकार मात्र वेगळा.

3. आपल्या पॉलिसीचे दोन भाग

घरातली पॉलिसी काढा. त्यात दोन मुख्य भाग दिसतील.

(अ) थर्ड पार्टी : आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. याचे दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेले खासगी कारचे वार्षिक दर असे :

1000 सीसीपर्यंत : 2094 रुपये
1000 ते 1500 सीसी : 3416 रुपये
1500 सीसीच्या वर : 7897 रुपये

यात गावाचा, शहराचा उल्लेखच नाही. अकलूज असो, मुंबई असो की दिल्ली, दर एकच. वर्गणीच्या भाषेत सांगायचं तर ही सगळ्या देशाची एकच पेटी.

(ब) ओन डॅमेज : आपल्या स्वतःच्या गाडीची चोरी, अपघात, आग, पूर यांपासूनचं संरक्षण. हा भाग ऐच्छिक. जागेचा प्रश्न येतो तो इथं.

4. अकलूज आणि पुणे : आकडेमोड

2002 च्या दरपत्रकात खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केले आहेत. 'अ' झोनमध्ये आठ शहरं : अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. उरलेला सगळा भारत 'ब' झोनमध्ये. झोन ठरतो तो गाडीची नोंदणी कुठल्या कार्यालयात झाली त्यावरून. म्हणजे एमएच-12 (पुणे) 'अ' झोन, तर एमएच-45 (अकलूज) आणि एमएच-13 (सोलापूर) 'ब' झोन. दरपत्रकात गल्ली, पेठ, वॉर्ड असं काही नाही.

आता गणित करू. गाडी पाच वर्षांच्या आतली, 1200 सीसी, आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत 8 लाख रुपये.

पुणे : 8,00,000 × 3.283 ÷ 100 = 26,264 रुपये
अकलूज : 8,00,000 × 3.191 ÷ 100 = 25,528 रुपये
फरक : 736 रुपये

वर्षाला 736, म्हणजे महिन्याला साधारण 61 रुपये. पुण्याचा दर अकलूजपेक्षा तीन टक्क्यांनीसुद्धा जास्त नाही.

मालवाहू ट्रकची गंमत तर आणखी वेगळी. तिथं तीन झोन आहेत : चार महानगरं, इतर राज्यांच्या राजधान्या आणि उरलेला देश. पुणे राजधानी नसल्यामुळं ट्रकच्या बाबतीत पुणे आणि अकलूज एकाच झोनमध्ये येतात!

एक खुलासा करायला हवा. 1 जानेवारी 2007 पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले. कंपन्या जुने दर पाया म्हणून धरतात आणि त्यावर आपल्या अनुभवाप्रमाणं सूट देतात. कुठल्या आरटीओच्या, कुठल्या मॉडेलच्या गाड्यांचे दावे जास्त येतात, हे त्या बघतात. म्हणून आपल्या पॉलिसीतला आकडा वरच्यापेक्षा बराच कमी असू शकतो, आणि दोन कंपन्यांचे आकडे वेगळे येतात. नूतनीकरणाआधी दोन-तीन ठिकाणी विचारा म्हणतात ते यासाठीच.

5. मग जास्त फरक कशानं पडतो?

उत्तर आहे एनसीबी, म्हणजे वर्षभर दावा न केल्याबद्दलची सवलत. ती ओन डॅमेजच्या रकमेवर अशी वाढत जाते : एक वर्ष 20 टक्के, दोन वर्षं 25, तीन वर्षं 35, चार वर्षं 45, पाच वर्षं 50 टक्के.

आपल्याच उदाहरणात 25,528 च्या 50 टक्के म्हणजे 12,764 रुपये. गावामुळं वाचले 736, सांभाळून चालवल्यामुळं वाचू शकतात 12,764. सतरा पटींपेक्षा जास्त! मुलांना हे गुणोत्तर स्वतः काढू द्या. सांगून पटत नाही ते काढून पटतं.

यातूनच एक व्यवहारी हिशेब निघतो. बंपरला ओरखडा आला, खर्च 4000 रुपये. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आपणच भरायचे असतात. हातात आले 3000, आणि पुढच्या वर्षी 20 टक्क्यांची सवलत गेली तर तोटा सुमारे 5,106 रुपये. असा दावा न केलेलाच बरा. एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. नवी गाडी घेतली तरी ती सोबत नेता येते. मात्र पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की ती जाते.

एआरएआय या पुण्यातल्या संस्थेनं मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर दरपत्रकाप्रमाणं 2.5 टक्के, कमाल 500 रुपये सूट आहे. झोनच्या फरकातला दोन तृतीयांश भाग एवढ्यानंच निघाला.

6. गाडी गावची, राहणं पुण्यात

आपल्याकडच्या कितीतरी घरांत मुलगा-मुलगी पुण्यात नोकरीला असतात. "गाडी अकलूजच्या पत्त्यावर घे, विमा स्वस्त पडेल," असा सल्ला मिळतो. मालक वडील असतील आणि ते अकलूजला राहत असतील, तर गाडी तिथं नोंदवणं सरळच आहे. पण मालकाचा पत्ता बदलला असेल तर कलम 49 प्रमाणं 30 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. प्रस्तावात खोटी माहिती दिली की दाव्याच्या वेळी अडचण येते. 736 रुपयांसाठी 8 लाखांचा दावा धोक्यात घालायचा का, हे गणित मुलांनाच करू द्या.

7. बाहेरच्या देशांत काय?

ब्रिटनमध्ये पोस्टकोडवरून प्रीमियम बदलतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत झिप कोड बघतात. तिथं राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा, घर बदललं की विम्याचा आकडाही बदलतो. गरीब वस्तीतल्या सरळ माणसाला त्यामुळं जास्त पैसे पडतात, अशी तक्रार झाली. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर 1988 मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन 103' मंजूर केलं. त्यानुसार चालकाची शिस्त, वर्षाला गाडी किती चालते आणि चालवण्याचा अनुभव यांना वस्तीपेक्षा जास्त वजन द्यायचं ठरलं. 'ख' शहराच्या मुलांचंच म्हणणं तिथं जिंकलं म्हणा ना!

8. गाडी चोरीला गेलीच तर

ताबडतोब पोलिसांत एफआयआर करा, विमा कंपनीला आणि आरटीओला कळवा, दोन्ही किल्ल्या जपून ठेवा. तपास लागला नाही तर पोलिसांची 'अ समरी' दाव्याला लागते. एफआयआर लगेच केला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 24 जानेवारी 2020 रोजी दिला आहे. पण त्याच्या भरवशावर उशीर करू नका. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी मात्र सुरू करून बघू नका. इंजिन बिघडलं तर वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसताना ती भरपाई बहुतेक वेळा मिळत नाही.

स्वाध्याय

1. 998 सीसी, 5 लाख आयडीव्ही. 'अ' झोनचा दर 3.127 टक्के, 'ब' झोनचा 3.039 टक्के. दोन्ही रकमा आणि फरक काढा.
2. वरच्या 'ब' झोनच्या रकमेवर 35 टक्के एनसीबी मिळाली तर किती भरावे लागतील?
3. घरातल्या पॉलिसीत आयडीव्ही, एनसीबी आणि पॉलिसी संपण्याची तारीख शोधा. (पालकांनो, पॉलिसी नंबर आणि मोबाईल नंबर झाकून द्या.)
4. चर्चा : 'जास्त चोऱ्या होणाऱ्या भागातल्या लोकांनी जास्त प्रीमियम भरावा.' दोन गट करा. मध्यावर गटांनी बाजू बदलायच्या.

उत्तरं : (1) 15,635 रुपये, 15,195 रुपये, फरक 440 रुपये. (2) 9,876.75 रुपये.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम दिलेलं नाही. बाजू बदलल्यावर मुलं काय बोलतात ते नीट ऐका. पाठ समजला की नाही, ते तिथं कळतं.