डब्यातला धोपा

पुण्या-मुंबईकडे ज्याला अळू म्हणतात त्याला आपल्या वऱ्हाडात धोपा म्हणतात. आजीने माहेराहून धोप्याचे तीन कंद आणले होते. एक मी तेलाच्या रिकाम्या डब्यात काळी माती भरून लावला. रोज भरपूर पाणी टाकलं. तो सडला! आजी काहीच बोलली नाही, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

काळी माती पाणी धरून ठेवते, अन् डब्याला छिद्र नव्हतं. बाबांनी खिळ्याने बुडाला ५ छिद्रं पाडून दिली. त्यावर कवेलूचे तुकडे टाकले, मग माती, रेती अन् कुजलेलं शेणखत. दुसरा कंद लावून डबा न्हाणीजवळ सावलीत ठेवला. उन्हाळ्यात अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात पानं करपतात.

सकाळी पानाच्या टोकाला थेंब दिसतो. मला ते दव वाटलं. गुरुजी म्हणाले, मुळांनी घेतलेलं जास्तीचं पाणी पान बाहेर टाकतं.

धोप्याच्या पानात सुईसारखे बारीक कण असतात. त्याने घसा खाजतो, म्हणून आजी चिंच टाकते. परवा ६ पानं तोडली, वड्या झाल्या. तिसरा कंद आजीने अजून मला दिला नाही.