नवजाताचे पहिले अन्न : मध की स्तन्य?

नवजात बालकास मध वा गुटी चाटविण्याची प्रथा अनेक घरांत आजही आढळते. स्तन्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रवृत्त होते, असे सांगून सुश्रुताचार्यांनी तोपर्यंत मधु-घृताची योजना केली. चरकाचार्यांनी मात्र जातकर्मातील मधु-घृत प्राशनानंतर स्तनपानच सांगितले आहे.

पहिल्या दिवसांतील पिवळसर चीक अल्प असला तरी सामान्यतः पुरेसा व रोगप्रतिकारक असतो, हे आज आपण जाणतो. मधातून बोट्युलिझमचा धोका संभवतो. म्हणून तो एक वर्षापर्यंत वर्ज्य. जन्मानंतर तासाभरात स्तनपान व सहा महिने केवळ स्तन्य, हाच सल्ला आपण द्यावा. यात शास्त्राचा अनादर नाही, असे आम्हांस वाटते.

क्रोध, शोक व अवात्सल्य यांनी स्तन्यनाश होतो, हे सुश्रुतमत कुटुंबीयांसही समजवावे. ‘दूध पुरत नाही’ असे सूतिकेस वारंवार ऐकविणे हेही अपथ्यच होय. आजीने सूतिकेचा आहार सांभाळावा. पित्याने रात्री बालकास घेऊन तिला विश्रांती द्यावी. बालक सुस्त असल्यास, ओढून पीत नसल्यास किंवा पाचव्या दिवसानंतर दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी झाल्यास मात्र विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.