शनिवार-रविवारचे कराटे शिबिर : निघण्याआधीची आरोग्य तयारी



थंडी पडली की आपल्या विहारांतल्या कराटे वर्गांना शिबिराचे वेध लागतात. वस्तीत मैदान नसते. विहाराच्या हॉलमध्ये तीस मुले लाथ मारायला उभी राहिली की एकाची लाथ दुसऱ्याच्या गुडघ्यावर बसते. म्हणून आता पुष्कळ मंडळे शहराबाहेरचे एखादे कृषी पर्यटन केंद्र शनिवार-रविवारसाठी घेतात. मोकळे रान, राहायला खोल्या, चुलीवरचे जेवण. मुले महिनाभर आधीपासून दिवस मोजतात.

काही वडीलधारी विचारतात, "बुद्धाला मानता आणि पोरांना मारामारी शिकवता?" प्रश्न रास्त आहे. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. स्वतःला सांभाळणे आणि भीती घालवणे या शीलाच्या आड येत नाही. बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले, त्याच्या मुळाशी शिस्त आणि आपल्या माणसांचे रक्षण हेच होते. मात्र ज्याला रक्षण शिकवायचे, त्याच्याच शरीराला आपल्या हातून इजा होऊ नये, एवढी जबाबदारी शिबिर घेणाऱ्यावर येते. आजचा धडा त्याचाच आहे.

माझ्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका शिबिराला गेले होते. प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे होती. रविवारी पहाटे सगळ्या मुलांना हौदाच्या गार पाण्याने आंघोळ घातली आणि लगेच मैदानावर धावायला लावले. चौदा वर्षांची एक मुलगी तिसऱ्या फेरीला खाली बसली. पाय दुखतात, हात दुखतात म्हणू लागली. सरांना वाटले, अंगचोरपणा करते आहे. त्यांनी अजून दोन फेऱ्या मारायला लावल्या. ती रडत धावली. नंतर मी तिच्या पिंडरीला बर्फ लावला. वाटले, स्नायू आखडला असेल.

दुखणे थांबेना. रुग्णालयात नेल्यावर कळले, मुलीला सिकलसेल आहे, एसएस. तिची आई धावत आली तेव्हा तिने पिशवीतून कार्ड काढले. ते आजवर घरातल्या पेटीत तळाशी ठेवलेले होते. "लग्नाच्या वेळी कुणाला कळू नये म्हणून सांगितले नाही, ताई," ती म्हणाली. मी तिला काय बोलणार? विचारायचे काम माझे होते आणि मी विचारले नव्हते. त्यावर मी बर्फही लावला होता.

एकच दुखणे, दोन उलटे उपाय

मुरगळलेल्या घोट्याला थंड शेक बरा. सिकलसेलच्या दुखण्याला थंडी म्हणजे आगीत तेल. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त पुढे जात नाही, म्हणून हाडे-सांधे असह्य दुखतात. थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम, ताप यांमुळे हा त्रास उसळतो. गार पाण्याची आंघोळ, रिकामे पोट, पहाटेची धावपळ असे आपण सगळे एकाच सकाळी केले होते.

विदर्भात हा आजार आदिवासी समाजांत आणि आपल्या बौद्ध समाजात बराच आढळतो. याचा कुणाच्या कर्माशी किंवा चारित्र्याशी काहीही संबंध नाही. तो जनुकातून येतो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक होते, त्याला एएस म्हणतात. दोघांकडून आला तर मूल रुग्ण होते, एसएस. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पिढ्यानपिढ्या मलेरियाच्या मुलखात राहिलेल्या लोकांत हा गुण टिकला, कारण वाहकाला मलेरिया जीवघेणा होण्याची शक्यता कमी असते.

तपासणी सोपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे ठरवायला पुढची तपासणी होते. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. शिबिराच्या महिनाभर आधी आरोग्य केंद्राला विनंती करून विहारातच तपासणी ठेवा.

निकालाचे काय करायचे, तेही समजून घ्या. वाहक मुलाला शिबिरातून वगळू नका. तो एरवी निरोगी असतो. फक्त सराव हळूहळू वाढवा, भरपूर पाणी द्या. स्नायू दुखतो, दम लागतो म्हणाला तर लगेच बसवा. क्वचित का होईना, उन्हात तहानलेल्या वाहकाला जबरदस्तीने धावडवल्याने तो कोसळू शकतो. एसएस मुलाला डॉक्टरांना विचारूनच न्या. परवानगी मिळाली तर हलका सराव, मध्ये विश्रांती, आंघोळीला कोमट पाणी, अंगावर स्वेटर आणि रोजच्या गोळ्या वेळेवर. दुखू लागले तर ऊब द्या, पाणी पाजा, डॉक्टरांनी सांगून ठेवलेले औषध द्या. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एक बाजू लुळी पडणे यांतले काहीही दिसले तर क्षणही न घालवता रुग्णालय गाठा.

एका पानाचा आरोग्य कागद

प्रत्येक मुलासाठी पालकांनी एक पान भरून द्यायचे. नाव, वय, वजन, पालकांचे दोन फोन नंबर. सिकलसेल, दमा, फिट्स, हृदयाचा आजार, मधुमेह आहे का? कोणते औषध चालू आहे? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे? धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले? मागे कधी हाड मोडले किंवा डोक्याला मार लागला होता का? शेवटी रुग्णालयात नेण्याची संमती आणि सही.

हा कागद सभेत मोठ्याने वाचू नका. आईला बाजूला घेऊन विचारा आणि सांगा, हा कागद परिचारिका आणि मुख्य प्रशिक्षक या दोघांशिवाय कुणी बघणार नाही, शिबिर संपल्यावर तुम्हाला परत मिळेल. हा शब्द पाळा. तो एकदा मोडला की पुढच्या वर्षी पेटीतली कार्डे पेटीतच राहतील. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्या पिशवीत आहे का, हे गाडीत बसण्यापूर्वी डोळ्यांनी बघा.

जागा निवडताना

तारीख ठरवताना परीक्षा टाळा. ६ डिसेंबर आणि १ जानेवारीच्या आसपास घरची माणसे बाहेर असतात, तेही लक्षात घ्या. जानेवारीतला दुसरा-तिसरा आठवडा बरा पडतो.

फोनवरच मालकाला स्वच्छ सांगा की शिबिर बौद्ध वस्तीतल्या मुलांचे आहे, सकाळी त्रिशरण-पंचशील होईल. आवाज बदलला, भाडे अचानक वाढले किंवा भांड्यांचा विषय निघाला तर दुसरी जागा बघा. मुलांना तिथे पोहोचल्यावर अपमान गिळावा लागू नये. सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्याखाली केंद्राची नोंदणी झाली आहे का, तेही विचारा.

पैसे भरण्याआधी दोघीतिघी जाऊन जागा बघून या. या गोष्टी तपासा :

• शेततळे. सगळ्यात मोठा धोका हाच. आतला प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, पडलेल्याला वर चढता येत नाही. कुंपण नसेल तर ती जागा नको. विहिरीलाही कठडा हवा.
• मैदान. दगड, काचा, तारा, काटे नसावेत. सिमेंटवर फेकाफेकीचा सराव करू नका.
• फवारणीची औषधे कुलपात आहेत का? रिकाम्या डब्यांतून पाणी भरले जात नाही ना?
• मुलींचे संडास-बाथरूम वेगळे आहे का? आतून कडी आहे का, रात्री दिवा आहे का?
• गरम पाण्याची सोय.
• जवळचे ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर? तिथे सर्पदंशाची लस आहे का, हे स्वतः जाऊन विचारा.
• फोनला रेंज कुठे मिळते? १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते, पण शेतात पोहोचायला वेळ लागू शकतो. म्हणून चालकासह एक गाडी रात्रभर मुक्कामाला ठेवा. खर्च वाढतो. बॅनर आणि ट्रॉफीचा खर्च कमी करा.

दोन दिवसांचा बेत

वर्षभराचे दोन दिवसांत शिकवण्याचा मोह टाळा. पाऊण तासाचा सराव, पंधरा मिनिटे विश्रांती असे तीन-चार वर्ग शनिवारी आणि दोन रविवारी पुरेत. सकाळी ऊन वर आल्यावर सुरुवात करा. आधी दहा मिनिटे अंग मोकळे करा. दुपारी बारा ते तीन मैदान बंद. या वेळात आरोग्याचा वर्ग घ्या, गोष्टी सांगा, झोपू द्या.

सरावाच्या तासभर आधी हलके खाणे हवे. पोहे, उकडलेले चणे, गूळ-शेंगदाणे, केळे, जानेवारीत संत्री. भरपेट जेवणानंतर दोन तास उड्या नकोत. पाणी तहान लागण्याची वाट न बघता दर वर्गाच्या आधी आणि नंतर पाजा. पाण्याची शंका असेल तर उकळून घ्या. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका.

दोन दिवसांच्या शिबिरात डोक्यावर मारण्याचा सराव ठेवूच नका. जोड्या वजन बघून लावा.

लागले तर

मुरगळले : विश्रांती, कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेज, पाय उशीवर. चोळू नका. चार पावलेही टाकता आली नाहीत तर एक्स-रे काढा. मूल एसएस असेल तर बर्फ नाही, हे पुन्हा सांगते.

नाकातून रक्त : डोके पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरा. डोके मागे करू नका.

दात पडला : कायमचा दात असेल तर मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा.

डोक्याला मार : मूल "बरे वाटते" म्हणाले तरी त्या शिबिरात पुन्हा मैदानावर नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका दिसला तर रुग्णालय.

साप : जमिनीवर झोपवू नका. खाट आणि खोचलेली मच्छरदाणी हवी. मण्यार रात्री झोपेत चावते, फारसे दुखतही नाही. सकाळी मूल पोट दुखते म्हणाले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर सर्पदंश समजूनच धावा. चावलेला भाग हलवू नका. कापणे, चोखणे, दोरी आवळणे, मांत्रिक काही नको. विंचू चावला तरी रुग्णालयच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशात जीव वाचवते हे दाखवून दिले. ते वेळेत मिळाले पाहिजे.

कुत्रा चावला : जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी लस घ्या.

मुलींसाठी

मुली असतील तिथे महिला प्रशिक्षक किंवा किमान दोन जबाबदार महिला मुक्कामाला हव्यातच. पकड शिकवताना कुठे हात लागेल, हे आधी सांगायचे आणि विचारायचे. कुणीही मोठा माणूस एकट्या मुलाला किंवा मुलीला खोलीत बोलावणार नाही, हा नियम पहिल्याच सभेत सगळ्यांसमोर सांगा. १०९८ हा नंबर मुलांना पाठ करायला लावा. पाळी आली म्हणून सराव बंद करण्याचे कारण नाही. झेपेल तेवढा करू द्या. पॅड आणि झाकणाची बादली ठेवा.

"थांबा" म्हणण्याचा सराव

आता आमच्या शिबिरात पहिला वर्ग याचाच असतो. प्रत्येक मूल पुढे येऊन हात वर करते आणि मोठ्याने म्हणते, "थांबा, मला दुखतंय." समोरचा तत्काळ थांबतो, सरही थांबतात. सुरुवातीला मुले लाजतात, हसतात. पण जी मुलगी सरांसमोर "थांबा" म्हणू शकते, तिला रस्त्यावर ओरडायला फार शिकवावे लागत नाही.

ती मुलगी पाच दिवसांनी घरी आली. आज ती वर्गात येते, झेपेल तेवढे काता करते, थकली की बसते. तिचे कार्ड आता तिच्या पिशवीत असते. तिची आई तपासणीच्या दिवशी विहाराच्या दारात उभी राहून बाकीच्या आयांना आत बोलावते.

यंदा शिबिराची वर्गणी गोळा करण्याआधी आरोग्याचे कागद गोळा करा.

जयभीम.