न्यू लॅनार्कची गिरणी

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी न्यू लॅनार्क नावाचे एक लहानसे गाव आहे. नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या सूतगिरण्यांसाठीच ते वसविण्यात आले होते. १८०० साली रॉबर्ट ओएन हा वेल्समधील तरुण त्या गिरण्यांचा कारभार पाहू लागला. तेव्हा पाच-सहा वर्षांची मुलेदेखील तेथे सकाळी सहापासून सायंकाळी सातपर्यंत राबत असत. त्या काळी यात फारसे कोणाला वावगे वाटत नसे.

ओएनला मात्र ते वावगे वाटले. यंत्र पुसून, तेल देऊन ठेविले की ते अधिक काम देते, हे प्रत्येक गिरणीवाला जाणतो. मग हाडामांसाच्या माणसाची निगा का राखू नये, असे तो विचारी. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे त्याने थांबविले. तरीही या परक्या धन्याचा मजुरांना भरवसा वाटेना.

अशातच अमेरिकेने आपला माल परदेशी पाठविण्यास बंदी केली. कापसाचे भाव भडकले. अनेक गिरण्या बंद पडल्या आणि मजूर उघड्यावर आले. यंत्रे ओएननेही थांबविली. पण त्याने एकाही मजुराला घालविले नाही. यंत्रे स्वच्छ राखा, एवढेच काम त्याने त्यांना सांगितले आणि चार महिने पुरी मजुरी दिली. सूत तर निघतच नव्हते, आणि मजुरीपोटी सात हजार पौंडांहून अधिक रक्कम गेली! त्यानंतर मात्र मजुरांच्या मनात किंतु राहिला नाही.

भागीदार कुरकुरू लागले. त्यांनी पैसा गुंतविला होता तो नफ्यासाठी, शाळा बांधण्यासाठी नव्हे. आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते, असेही नाही. अखेर १८१३ साली गिरण्यांचा लिलाव झाला. ओएनने नवे भागीदार मिळवून त्या विकत घेतल्या. शेकडा पाच व्याजावर समाधान मानावे व वरचा नफा मुलांच्या शिक्षणाकडे आणि मजुरांच्या सुखसोयींकडे लावावा, ही अट नव्या भागीदारांनी मान्य केली. तो गावी परतला तेव्हा मजुरांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले व गाडी स्वतः ओढीत नेली.

१८१६ साली तेथे शाळा सुरू झाली. तीत गाणे होते, नृत्य होते, भिंतींवर मोठमोठे नकाशे होते. छडी मात्र नव्हती. गिरण्यांचा नफाही चालूच राहिला.

इतर गिरण्यांतील मुलांसाठी कायदा व्हावा, म्हणून ओएन पार्लमेंटाकडे गेला. वयाची मर्यादा दहा वर्षांची असावी, असा त्याचा आग्रह होता. आमचा धंदा बुडेल, अशी गिरणीवाल्यांनी ओरड केली. १८१९ साली कायदा झाला तो नऊ वर्षांच्या मर्यादेचा. आणि तो पाळला जातो की नाही, हे पाहण्यास एकही पगारी तपासनीस नेमला गेला नाही.